पंचतीर्थीची फळी

कार्तिक शुद्ध पंचमी, मंगळवार, सकाळी आठ. ठिकाण बालाजी घाट, पाण्यापासून चौथी पायरी. ठरलेली रक्कम सव्वादोन रुपये: दिवसभराची नाव, दोन वल्ही, घरच्या घाटापासून घरच्या घाटापर्यंत. हजर माणसे चार: मी, माझी आई, शेजारचे शास्त्रीबुवा आणि नावाडी. यात्रा सात दिवसांनी, द्वादशीला.

भाडे ठरवायला इतकी माणसे कशाला, असे नावाड्याने विचारलेच. तो बनारसी बोली बोले. मी इथे त्याचे बोलणे आपल्या भाषेत देतो, एखादे वाक्य तेवढे जसेच्या तसे ठेवतो. मी त्याला म्हणालो, या वेळी भाड्यापेक्षा फळीबद्दल बोलायचे आहे.

"फळीला काय झालं?"

"गेल्या वर्षी आई त्या फळीवरून पडली."

"माई पडल्या," तो म्हणाला. "फळी तर जिथल्या तिथंच होती."

आई हसली. मला हसू आले नाही.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून काशीत आले आणि बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला राहिले. मी एका शाळेत गणित शिकवीत असे. माझे वडील एकदा मोठ्या दुखण्यात होते, तेव्हा आईने बारा पंचतीर्थींचा नवस बोलला होता, दर वर्षी एक. वडील त्या दुखण्यातून उठले, पुढे नऊ वर्षे जगले आणि मग गेले. देवाने आपली बाजू पाळली, आता माझी मी पाळते, असे म्हणून आईने व्रत तसेच चालू ठेवले. अकरा झाल्या. बारावीच्या वेळी ती पडली.

पंचतीर्थी म्हणजे एका दिवसात गंगेच्या पाच ठिकाणी स्नान. अस्सीला सुरुवात करायची, मग दशाश्वमेध, मग खाली पार राजघाटच्या रेल्वेच्या पुलापलीकडे वरणेचा संगम, तिथून उलट येऊन पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका. कपडे बदलायचे नाहीत. पहिल्या बुडीपासून घरी येईपर्यंत ओलेत्याने राहायचे, सोवळे मोडायचे नाही, म्हणजे ओवळ्यातल्या कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. शिवाय आमच्याकडची रीत अशी की पाचही ठिकाणचे पाणी एका लोटीत साठवीत आणायचे आणि घरच्या देवांवर घालायचे. ते घातले की यात्रा पुरी.

मी हिशेब केला होता. घरून नावेत चढणे एक, पाच ठिकाणी उतरणे आणि पुन्हा चढणे मिळून दहा, घरी उतरणे एक. एकूण बारा वेळा माणूस फळीवरून जातो. त्यांतल्या पहिल्या दोन वेळा कोरड्या अंगाने, उरलेल्या दहा वेळा पाणी निथळत. घाटांवर पुराचा गाळ कार्तिकापर्यंत पुरता निघालेला नसतो, पायऱ्यांना शेवाळ असते, आणि फळी म्हणावी तर सात फूट लांब, नऊ इंच रुंद, वर्षानुवर्षे पायांनी घासून आरशासारखी झालेली.

आई अकराव्या वेळी पडली. मणिकर्णिकेचे स्नान झाले होते, नावेत बसून घरी यायचे एवढेच उरले होते. मी यात्रेत सोबतीला होतो पण सोवळ्यात नव्हतो. मला दम्याचा विकार, दिवसभर ओल्या धोतराने वाऱ्यात बसणे वैद्यांनी मना केलेले. मी नावेत कोट घालून उभा होतो. फळीच्या मध्यावर आई डगमगली. मी हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि आपला हात मागे घेतला.

एवढेच झाले. ती फळीवरून पायऱ्यांच्या कडेवर आदळली. उजवे मनगट मोडले, लोटी पाण्यात गेली. मनगट बांधून तीन महिने ठेवावे लागले. पाणी सांडले म्हणून ती यात्रा तिने स्वतःच धरली नाही. बारावी अजून व्हायचीच आहे, म्हणाली. वय अडुसष्ट.

मला वर्षभर जे दिसत राहिले ते मोडलेले मनगट नव्हे, तो मागे घेतलेला हात.

म्हणून या वर्षी मी महिनाभर आधीपासून कामाला लागलो. सुताराकडून नवी फळी केली, सव्वा फूट रुंद, आणि तिच्यावर दर सात इंचांवर एक अशा अकरा आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या, पाय घसरू नये म्हणून. नावेच्या कडेला दोन बांबू उभे करून त्यांना धरायला दोर बांधायचा ठरवला. दोर मुंज गवताचा, कारण तागाच्या सुतळीला आई सोवळ्यात हात लावीना. फळीवर घालायला पलीकडच्या वाळवंटातली रेती आणवली. गंगेच्या रेतीला कोणीच हरकत घेऊ शकत नाही, हे मी आधीच विचारून ठेवले होते.

घरात बायको म्हणाली, "अहो, फळीला इतकं केलंत, त्यापेक्षा एक दिवस कोट काढून बुडी मारली असती तर?"

"आणि महिनाभर शेक कोण देणार?"

"दर साली मीच देते. या साली काही नवं नाही."

उरला प्रश्न हाताचा. नावाड्याचा हात भक्कम होता. त्याने धरले तर आई पडणार नाही हे कोणालाही दिसत होते. पण त्याचा स्पर्श सोवळ्यात चालेल का? मी शास्त्रीबुवांना विचारले. ते धर्मशास्त्र शिकवीत, सत्तरीचे होते, आणि यात्रेत प्रत्येक घाटावर संकल्प सांगायला सोबत येत. ते म्हणाले की नावेत, यात्रेत, लग्नकार्यात स्पर्शाचा दोष धरू नये असे वचन आहे.

"मग झालं तर," मी म्हणालो.

"थांबा मास्तर. नावेत दोष नाही. पण फळी ही नाव आहे का?"

मी म्हटले, नावेचीच फळी आहे.

"मालकीचा प्रश्न नाही. तिचं एक टोक नावेवर आहे, दुसरं घाटावर. घाटाला ते वचन लागू नाही."

हा प्रश्न त्यांनी संध्याकाळी आणखी दोन शास्त्र्यांपुढे मांडला. पुढचे पाच दिवस आमच्या ओसरीवर दुसरा विषय नव्हता. एकाचे म्हणणे, जे नावेबरोबर हलते ते नाव, म्हणून फळी नावच. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याच्या खाली जमीन आहे ती जमीन. शास्त्रीबुवांनी मधला मार्ग काढला: फळीच्या घाटाकडच्या अर्ध्या भागात नावाड्याने हात धरू नये, पुढच्या अर्ध्यात धरायला प्रत्यवाय नाही.

"म्हणजे साडेतीन फुटांवर खडूने रेघ ओढू का?" मी विचारले.

"ओढलीत तर उत्तमच," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "संशय राहणार नाही."

"बुवा, गेल्या वर्षी ती बरोबर साडेतीन फुटांवर पडली."

"म्हणूनच रेघ हवी."

मी त्यांना विचारले, आपण स्वतः सोवळ्यात असता, आपणच हात द्याल का? ते म्हणाले, परस्त्रीचा हात मी आजवर धरला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच कोणी धरलं तर हवं आहे. हे शेवटचे वाक्य खरे होते.

द्वादशीला पहाटे हेडमास्तर साहेबांना रजेचा अर्ज पाठवून मी घाटावर गेलो. नावाड्याने नवी फळी, बांबू, दोर आणि रेतीचे घमेले पाहिले.

"ई नाव हौ कि डोली?" तो म्हणाला.

"धंदा तुमचा, काळजी आम्ही करायची," मी म्हणालो.

"करा. रेती माझ्या सांध्यांत जाणार, ती काढायची मीच." मग आईकडे वळून म्हणाला, "माई, या वर्षी तुमचे चिरंजीव गंगेवर पूल बांधतायत."

"बांधू दे," आई म्हणाली. "रात्रभर झोपला नाही तो."

चढताना पहिली ठेच शास्त्रीबुवांना लागली. पट्ट्यांमुळे पाय घसरत नव्हता हे खरे, पण उचलून टाकावा लागत होता, आणि बुवांची पाय ओढून चालण्याची सवय. तिसऱ्या पट्टीला त्यांचा अंगठा अडकला आणि ते दोर धरून उभे राहिले. "मास्तर, घसरणं परवडलं," म्हणाले. मी पट्टीची उंची मोजली. सुताराला पाव इंचाची सांगितली होती, त्याने पाऊण इंचाची ठोकली होती. या गृहस्थाला मी कागदावर आकृती काढून दिली होती.

अस्सीला पहिले स्नान झाले. आई लोटीत पाणी घेऊन फळीपाशी आली तसे बुवांनी नावाड्याला हात हलवून सांगितले, "पीछे हटो, पीछे." आई अर्ध्यावर येईपर्यंत त्याने बाजूला राहावे एवढाच बुवांचा अर्थ, पण तो नेहमीप्रमाणे थेट मागच्या टोकाला गेला. त्याचा भाऊ वल्ह्यावर बसलेला. पुढे कोणीच नाही. आईने फळीवर पाऊल टाकले आणि नावेचे तोंड प्रवाहाने हातभर सरकले. फळी तिरकी झाली, रेती खाली सांडली. आई थांबली. उजव्या हातात लोटी, डाव्या हातात घोट्यापर्यंत उचललेले ओले लुगडे.

"आई, दोर धर," मी ओरडलो.

तिने माझ्याकडे पाहिले, पण दोर धरला नाही. तशीच तोल सावरीत पुढे आली आणि बसली.

दशाश्वमेधाला तेच. मी दोर धर म्हणून सांगतोय, ती धरत नाही. मला राग आला. महिनाभर खपून माणसाने सोय करावी आणि ज्याच्यासाठी करावी त्याने तिच्याकडे ढुंकून पाहू नये. नाव खाली वाहू लागली तेव्हा मी तिला म्हणालो, "तुला काही करायचंच नसेल तर हे सगळं मी कुणासाठी केलं?"

उत्तर दिले नावाड्याने, वल्हे मारता मारता. "मास्टर साहब, माई पकड़ेंगी किस हाथ से?"

मी आईच्या हातांकडे पाहिले. एकात लोटी, एकात लुगडे. दर घाटावर तसेच होते. गेल्या वर्षीही तसेच असले पाहिजे. मी फळीची लांबी मोजली, रुंदी मोजली, पट्ट्या मोजल्या, चढउतार मोजले. हात मोजले नव्हते.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी त्यालाच विचारले.

"तुम्ही फळीबद्दल विचारलंत. आणि मला तर दर खेपेला मागं पाठवता. मी मागं गेलो की पुढं नाव कोण थोपवणार? गेल्या साली पण मी मागंच होतो."

गेल्या वर्षी त्याला मागे जायला मीच सांगितले होते. बुवांनी नव्हे. ते मला तेव्हा नावेत बसल्या बसल्या आठवले.

वरणासंगमाला आमची नाव लागली तिथे घाट असा नव्हताच, नुसती चिकण मातीची उतरंड. उतरताना आई बसून, घसरत, कशीबशी खाली गेली. स्नान करून परत आली तोवर फळीचे खालचे टोक वीतभर चिखलात रुतले होते. रेती चिखलात मिसळून तिचा गिलावा झालेला. माझ्या अकरा पट्ट्यांपैकी तीन मातीखाली. बुवा आधी चढायचे म्हणून पुढे झाले आणि फळी चाचपू लागले. आई मागे उभी होती. वारा सुटला होता आणि तिचे दात वाजत होते.

"बुवा," ती म्हणाली, "जरा थांबा. इकडे या."

बुवा आले. तिने मला सांगितले, "तो दोर सोडून दे."

"कुठला?"

"तुझा मुंजाचा. सुरीनं काप दोन हात आणि टाक इकडं."

मी कापून टाकला. तिने चिखलात उभ्याने दोराचा फास लोटीच्या गळ्याला घातला, गाठ मारली आणि लोटी शास्त्रीबुवांच्या गळ्यात अडकवली, त्यांना विचारल्याशिवाय.

"हे काय?" बुवा म्हणाले.

"तुम्ही सोवळ्यात आहात, पाणी सोवळ्यात राहील. हात तुमचे मोकळेच आहेत. चढा आता, फळीच्या दोन्ही कडा धरून."

बुवा लोटीसकट चढले. मग ती नावाड्याला म्हणाली, "भैया, आगे आओ. नाव थामो, और हाथ दो."

नावाडी पुढे आला. एक पाय चिखलात, एक नावेच्या तोंडावर टाकून त्याने नाव थोपवली, पण हात न देता बुवांकडे पाहिले. बुवांनी तोंड उघडले. "बाई, तुम्ही फळीच्या घाटाकडच्या अर्ध्यात आहात."

"मी चिखलात आहे," आई म्हणाली. "बुवा, आता पुढं कुठं जायचंय आपल्याला?"

"पंचगंगेला."

"तिथं मी काय करणार?"

"स्नान."

"मग आत्ता हात लागला न लागला, तिथं बुडी मारल्यावर काय उरतं त्याचं? प्रत्येक चढण्यानंतर एक बुडी आहेच की. पाच दिवस ओसरीवर चाललं होतं तुमचं, मी आतून ऐकत होते. कुणीतरी म्हणेल, म्हणेल म्हणून वाट पाहिली."

बुवांनी गळ्यातली लोटी सावरली. म्हणाले, "मणिकर्णिकेनंतर मात्र स्नान नाही."

"बालाजी घाटावर गंगा नाही का? उतरल्यावर तिथं मारीन एक. लोटी तर तुमच्यापाशी आहे."

तिने डाव्या हाताने लुगडे धरले, उजवा हात, तोच मोडून जुळलेला, नावाड्याच्या हातात दिला आणि फळीवर पाय न ठेवता थेट नावेत आली. त्याने तिला जवळजवळ उचललेच. फळी चिखलात तशीच राहिली. ती ओढून काढायला दोन माणसे लागली.

नाव उलट्या प्रवाहाला लागल्यावर मी तिच्याजवळ जाऊन, पण हातभर अंतर राखून, बसलो. "आई, हे तुला ठाऊक होतं तर गेल्या वर्षी माझा हात का नाही धरलास?"

"लोटी होती ना हातात. मणिकर्णिकेचं पाणी घेतलेलं. तुझा कोट लागला असता तर मी बुडी मारून मोकळी झाले असते, पण पाण्याला कुठली बुडी?" मग म्हणाली, "आणि तू हात केलास तो लोटीच्याच बाजूनं केलास."

हेही मी मोजले नव्हते.

पुढचे सगळे सोपे झाले. पंचगंगेला आणि मणिकर्णिकेला नावाडी पुढे उभा राहिला, बांबू रोवून नाव पायरीला लावून धरली आणि आई त्याचा हात धरून उतरली, चढली. फळी दोन्ही ठिकाणी घातलीच नाही. ती नावेत आडवी पडली होती आणि तिच्या पट्टीला अडखळून मी एकदा पडता पडता वाचलो. नावाड्याने ते पाहिले, पण काही बोलला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. बुवा गळ्यात लोटी घेऊन सगळीकडे संकल्प सांगत होते. दशमीला ओसरीवर त्यांना विरोध करणारे शास्त्री मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर भेटले. त्यांनी विचारले, हे काय गळ्यात? बुवा म्हणाले, "निर्णय," आणि पुढे चालू लागले.

बालाजी घाटावर दुपार टळून गेली होती. आई उतरली, एक बुडी मारली, बुवांच्या गळ्यातली लोटी काढून घेतली आणि कोणाचाही हात न धरता पायऱ्या चढून घरी गेली. पाणी देवांवर पडले. माझी बायको दारात उभी होती, तिने आधी सासूबाईंचे मनगट पाहिले आणि मग माझ्याकडे पाहून विचारले, "फळी टिकली का?"

फळी सुताराला परत घे म्हणालो, तो घेईना. नावाडी फुकट दिली तरी घेईना, म्हणाला नाव जड होते. शेवटी ती पट्ट्या काढून स्वयंपाकघरात मांडणीला लावली.

दिलेले पैसे असे. सुताराला चौदा आणे, पाऊण इंचाच्या पट्ट्यांबद्दल भांडूनही काही कमी झाले नाही. मुंजाच्या दोराचे अडीच आणे. शास्त्रीबुवांना दक्षिणा एक रुपया. नावाड्याला ठरलेले सव्वादोन रुपये, आणि सांध्यांतली रेती खरवडून काढण्याबद्दल त्याने मागितलेले चार आणे, ते मी न भांडता दिले. याखेरीज आईने आपल्या कनवटीचा बादशहाच्या छापाचा एक रुपया काढून माझ्या देखत त्याच्या हातावर ठेवला. भाड्यात धरू का, असे मी विचारले, तर ती नको म्हणाली.